तीन वाव पाण्याला पुरेल असा रुसवा

माडवण्याच्या किनाऱ्यावर बोट लोखंडी नांगरावर उभी राहत नाही, माणसाच्या रुसव्यावर उभी राहते. लोखंडी नांगर टाकून पाहिलेले लोक आहेत. नांगर तळाशी जाऊन पडून राहतो आणि बोट आपली वाऱ्याबरोबर चालू लागते. असं का, हे तिथं कुणी विचारत नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला सुट्टी काढायची होती.

पद्धत अगदी सरळ आहे. शिडाची बोट भाड्यानं घ्यायची तर सोबत एक रुसलेला माणूस दाखवावा लागतो. त्याला नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बाकीच्यांकडे पाठ करून बसवायचं. तो रुसलेला आहे तोवर बोट जागची हलत नाही. निघायचं झालं की त्याची थोडीशी समजूत काढायची, बोट मोकळी होते. थोडीशीच काढायची बरं का. पुरती समजूत निघाली की तो माणूस नांगर म्हणून कायमचा बाद होतो.

पाणी जितकं खोल, तितका रुसवा जुना लागतो. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं त्याला वाव म्हणतात, आणि एक वाव पाण्याला पाचेक वर्षांचा रुसवा धरतात. म्हणून नवी जोडपी गुडघाभर पाण्याच्या पुढं जात नाहीत. सकाळी रुसायचं आणि जेवणापर्यंत हसायचं, त्यावर बोट काय उभी राहणार! लहान मुलांचा रुसवा घट्ट असतो, पण चॉकलेट दिसलं की सुटतो. ऑफिसातला रुसवा वाळूत बरा, खडकावर घसरतो. घरातला मात्र चिखल, वाळू, खडक, कुठंही धरतो. रागाचा काही उपयोग नाही. रागावलेला माणूस नाळीवर बसवला तर बोट नुसती झटके खाते.

मी चारुलता टिपणीस. कोल्हापूरला राहते. माझा नवरा विद्याधर पाणीपुरवठा खात्यात आहे, आणि गेल्या पावसाळ्यात त्याची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर माणूस पहिलं काय बोलतो? बायकोचं नाव घेतो म्हणतात. विद्याधर म्हणाला, "ताईशी बोलायचं राहून जाईल गं." मला काही त्याचं वाटलं नाही. म्हटलं, बोलला हेच खूप.

ताई म्हणजे शरयूताई, त्याची थोरली बहीण. चिपळूणला असतात. आमच्या लग्नापासून त्या विद्याधरशी बोलत नाहीत, म्हणजे बावीस वर्षं. येतात, जातात, लोणची पाठवतात, पण त्याच्याशी थेट एक शब्द नाही. सगळं माझ्यामार्फत. "चारू, तुझ्या नवऱ्याला सांग, स्वेटर घाल." नवरा समोर बसलेला असतो. मी त्याच्याकडे वळून सांगायचं, "स्वेटर घाल." तो म्हणणार, "ताईला सांग, घालतो." मी पुन्हा इकडे वळायचं. बावीस वर्षं माझी मान अशी फिरतेय.

कारण काय, तर फोटो. लग्नात सगळ्या घराचा फोटो काढायला उभे राहिलो तेव्हा ताई आत साडी बदलत होत्या. पंगतीत वाढताना अख्खं मठ्ठ्याचं भांडं त्यांच्या अंगावर सांडलं होतं. फोटोग्राफरनं विचारलं, "सगळे आलेत ना?" आणि विद्याधर म्हणाला, "काढा हो काढा, सगळे आलेत." ताई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

झालं. ताईंना वाईट वाटेल म्हणून तो फोटो आमच्याकडे कधी भिंतीवर लागला नाही. माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. आमच्या लग्नाचा तेवढा एकच बरा फोटो, पण ठीक आहे. मला काही त्याचं नाही.

तर विद्याधरला ताईंची माफी मागायची होती. घरी ते जमत नव्हतं, कारण त्यानं घसा खाकरला की ताई पिशवी उचलून स्टँडवर जायच्या. त्यानं विचार केला, बोटीवरून कुठं जातील? शिडाची बोट घ्यावी, शंखोंडीच्या खाडीत जाऊन थांबावं, आणि समुद्रात, जिथं स्टँड नाही तिथं, बोलून मोकळं व्हावं. कल्पना वाईट नव्हती. तो दोन महिने नकाशे पसरून बसला होता. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठला, खडक कुठं, तळ कसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तो जेवताना शीळ घालायला लागला, म्हणून मीही नको म्हटलं नाही.

अडचण एकच होती. ताईंनाच नांगर केलं तर त्यांची माफी मागता येणार नाही. माडवण्याच्या धक्क्यावर मोठी पाटीच आहे, 'नांगरलेल्या बोटीवर समजूत काढू नये.' तेव्हा नांगर दुसरा हवा. धक्क्यावर भाड्यानं रुसणारे मिळतात. आम्ही काशिनाथ आजगावकर नावाचे एक गृहस्थ ठरवले. गौरीच्या जेवणाला सुनेनं आधी व्याह्यांना वाढलं म्हणून रुसलेले, फार जुने, नावाजलेले. त्यांच्यावर म्हणे मोठमोठी गलबतं उभी राहिलेली आहेत. आणि आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी सुनेनं त्यांचा पंचाहत्तरीचा सोहळा केला. शाल, नारळ, आणि पहिलं ताट त्यांना. गृहस्थ ढसाढसा रडले आणि सेवेतून बाद झाले.

सीझनचे दिवस. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. बोटीचे तांडेल यशवंत चोगले डोकं खाजवत म्हणाले, "वैनी, तुमच्या घरात नाही का कुणी?"

ताई बाकावर, आमच्याकडे पाठ करून, समुद्र बघत बसल्या होत्या. चोगल्यांनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग एवढी चिंता कसली?"

बंदर निरीक्षक तोडणकरबाई. चष्मा कपाळावर, टेबलावर किटली आणि पाच कप. नांगराची तपासणी त्याच करतात.

"कुणावर रुसलात?" त्यांनी ताईंना विचारलं.

"मी कशाला कुणावर रुसू?" ताई म्हणाल्या.

तोडणकरबाईंनी समाधानानं मान हलवली. "कारण?"

"कारण काही नाही. ज्याचं त्याला कळायला हवं."

"उत्तम. चहा घेणार?"

हीच खरी परीक्षा. तोडणकरबाईंनी नंतर मला समजावून सांगितलं. ज्याला चहा नको असतो तो नुसतं 'नको' म्हणतो. जो रुसल्याचं नाटक करतो तो तोंड फिरवतो. खरा रुसलेला माणूस एकच वाक्य बोलतो.

"मला नको," ताई म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

तोडणकरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "वा! बऱ्याच दिवसांनी असं ऐकायला मिळालं. चार वाव पाण्यालाही चालेल. तुम्ही शंखोंडीला तीनमध्येच थांबणार, म्हणजे निर्धास्त राहा."

"वाटलंच मला," ताई पदर आवळत म्हणाल्या. "माझा उपयोग तेवढाच." तोडणकरबाईंनी चार वावाचे साडेचार केले.

"जादा नांगर?" त्यांनी चोगल्यांना विचारलं. एकावर विसंबून कुणाला जाऊ देत नाहीत.

"मी आहे की," चोगले म्हणाले. "मालकानं बोटीला माझ्या आईचं नाव देतो म्हणाला आणि दिलं स्वतःच्या सासूचं. दोन वर्षं झाली."

"उथळ पाण्यापुरता आहे," बाई म्हणाल्या, आणि मग कप पुढं करत माझ्याकडे वळल्या. "तुमचं काही?"

"माझं? छे हो! मला कधी कशाचं काही वाटत नाही," मी म्हटलं आणि कप घेतला. चहा छान होता, आलं घातलेला. बाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, एवढं मला आठवतं.

बाहेर आल्यावर मी विद्याधरला बाजूला घेतलं. "हे बघ, आता ताई नांगर आहेत. परत धक्क्याला लागेपर्यंत माफीबिफी काही नाही. शपथ घे."

"अगं पण त्यासाठीच तर आलो आपण."

"धक्क्यावर माग की! मी त्यांची पिशवी धरून ठेवते. पण बोटीवर नाही. शंखोंडीला खडक आहेत, तूच नकाशावर दाखवलेस ना मला?"

त्यानं शपथ घेतली. छातीवर हात ठेवून घेतली, म्हणून मला आणखीनच धाकधूक वाटली.

निघताना ताईंची थोडी समजूत काढायची होती, ते काम माझं. मी म्हटलं, "ताई, तुमच्यासारखी फणसाची सांदणं मला अजून जमत नाहीत हो." ताई म्हणाल्या, "रवा जाड घेतेस तू." तेवढ्यानं बोट सुटली. शीड फुगलं आणि आम्ही वाटेला लागलो. काय सांगू, इतकं सुरेख वाटलं! किनाऱ्यावरची सुरूची बनं मागं पडत होती, पाणी बोटीच्या पोटाला चपाचप लागत होतं, विद्याधर सुकाणूला हात लावून उभा होता आणि त्याच्या गालांना रंग आला होता. ताईसुद्धा मध्येच गुणगुणल्या. मी लगेच खोकले, कारण फार गुणगुणून चालणार नव्हतं.

शंखोंडीची खाडी म्हणजे अर्ध्या वाटीसारखी जागा. उत्तरेला उघडी, दक्षिणेला काळे खडक, ज्यांना तिथं दाढा म्हणतात. चोगल्यांनी शीड उतरवलं, बांबूनं पाण्याचा अंदाज घेतला आणि ओरडले, "तीन वाव! तळ वाळूचा! वैनी, विषय काढा!"

नांगर टाकताना असंच ओरडायचं असतं. मी ताईंच्या पाठीशी जाऊन म्हटलं, "ताई, पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफर कोण होता हो?"

ताईंचे खांदे ताठ झाले. "मला काय माहीत? मला कोण बोलावतंय फोटोला."

बोटीला एक गचका बसला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. चोगल्यांनी किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्या मागची देवळाची दीपमाळ एका रेषेत पकडली. ती दोन्ही एकमेकांमागं आहेत तोवर बोट जागेवर आहे. माड बाजूला सरकला की समजायचं, नांगर सुटला. मग खाडीत शिरताना चालू केलेलं छोटं इंजिन त्यांनी बंद केलं, आणि बंद करता करता कोळ्यांचं एक फाटकं जाळं त्याच्या पंख्यात गुंडाळलं गेलं. "उद्या सावकाश काढू," ते म्हणाले. "नांगर भक्कम आहे."

खरंच भक्कम होता. रात्रभर बोट हलली नाही. ताईंनी नाळीवरच सतरंजी टाकली आणि "मी इथंच बरी" म्हणाल्या.

सकाळी वारा सुटला. उत्तरेचा वारा, म्हणजे नेमका दाढांकडे ढकलणारा. खाडीत पाणी उसळायला लागलं. चोगले पाण्यात उतरून जाळं सोडवू म्हणाले, पण पाण्याचा जोर बघून परत वर आले. शीड चढवायलाही जागा पुरली नसती. "काही नाही," ते म्हणाले. "वारा पडेपर्यंत बसून राहायचं. आपल्याला काय धाड भरलीय?" मी थर्मासात भरून ठेवलेला चहा बाजूला ठेवला आणि सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि चटणी दिली. ताईंचं ताट नाळीवर नेऊन दिलं.

विद्याधर त्यांच्याकडे बघत होता. ताईंचा हात आताशा थरथरतो. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेताना चटणी सांडली, ती त्यांनी बोटानं टिपून घेतली, आणि कुणी बघितलं का म्हणून जराशी मान वळवली. एवढंच झालं. विद्याधर उठला.

"विद्याधर, नको," मी म्हटलं.

तो गेलाच. झुलत्या बोटीवर दोरी धरत धरत नाळीपर्यंत गेला आणि ताईंच्या मागं मटकन बसला.

"विद्याधर! शपथ घेतलीस!"

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी सगळे आले नव्हते."

ताई हलल्या नाहीत.

"मी उगाच म्हणालो. सगळे आले नव्हते. तू नव्हतीस. मला कळलं होतं तू नाहीस ते. फोटोग्राफर घाई करत होता आणि मी म्हणून गेलो. चुकलो मी, ताई."

ताई वळल्या. बावीस वर्षांनी त्यांनी त्याच्याकडे तोंड केलं, त्याचा शर्ट गळ्याशी जरा बाजूला केला, टाक्यांचा वरचा वण बघितला आणि म्हणाल्या, "दुखतं का रे विदू अजून?"

आणि दोघं गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं. माझी मान मोकळी झाली असंसुद्धा मनात आलं. आणि तेवढ्यात चोगल्यांची आरोळी ऐकू आली, "माड सुटला! वैनी, माड सुटला!"

दीपमाळ माडाच्या बाजूनं पूर्ण बाहेर आली होती. बोट दाढांकडे निघाली होती. ज्या खडकांवर पाणी आपटून पांढरं होत होतं, ते आता मला नीट दिसत होते, त्यांना चिकटलेल्या कालवांसकट.

चोगले धावत नाळीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. "सासूचं नाव दिलं!" ते मोठ्यानं म्हणाले. "माझी आई काय मेली होती?" बोट क्षणभर अडखळली. मग पुन्हा घसरली. दोन वर्षांचा रुसवा तीन वाव पाण्यात काय करणार!

"ताई, पुन्हा रुसा!" मी ओरडले. "विद्याधर, बोल काहीतरी त्यांना! लागेल असं बोल!"

विद्याधर घाबरून म्हणाला, "ताई, तू... तू जाडी झालीस!"

ताई खळखळून हसल्या. "मेल्या, किती वर्षांनी चिडवतोस!" बोटीचा वेग वाढला.

"तुझी सांदणं दडदडीत असतात!"

"असतातच मुळी! चारूला मी उगाच रव्याचं सांगते!" आणि पुन्हा दोघं हसत सुटली. दाढांवरचे तुषार आता अंगावर यायला लागले. चोगले बांबू घेऊन खडकांना अडवायला उभे राहिले, एवढाच काय तो आमचा बंदोबस्त. विद्याधरच्या छातीत ऑपरेशनच्या तारा घातलेल्या, पाण्यात पडला तर काय, हे एकच डोक्यात फिरत होतं.

आणि ताई म्हणाल्या, "चारू, चहा आहे ना गं? विदूला दे, थरथरतोय बघ तो."

मी थर्मास उघडला. अशा वेळी कुणी चहा देतं का? पण बावीस वर्षांची सवय. कुणी म्हटलं 'चारू, दे', की माझे हात आपोआप चालतात. ताईंनी थर्मास माझ्या हातून घेतला. एक कप विदूला. एक स्वतःला. एक चोगल्यांना, तेही बिचारे बांबू काखेत धरून फुंकर घालत प्यायला लागले. थर्मास उलटा केला, दोन थेंब पडले. ताईंनी झाकण लावून तो माझ्याकडे परत दिला, धुवायला. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत चहा पीत होते आणि फोटोग्राफरच्या मिशांबद्दल काहीतरी आठवून हसत होते. त्या फोटोबद्दल. माझ्या लग्नाच्या.

मग विद्याधरला आठवलं. "अगं चारू, तुला?"

मी थर्मास खाली ठेवला. नाळीवर मोकळी जागा होती तिथं जाऊन बसले, समुद्राकडे तोंड करून.

"मला नको," मी म्हटलं. "तुम्ही घ्या."

बोट अशी उभी राहिली की तिघांचाही चहा सांडला.

वारा तसाच होता, लाटा तशाच होत्या, दाढा हातभर अंतरावर होत्या. बोट मात्र कुणी भिंतीत बसवल्यागत स्थिर होती. चोगल्यांनी किनाऱ्यावर दुसरा माड शोधला, दीपमाळेशी जुळवला, डोळे बारीक करून बघत राहिले. मग त्यांनी वायरलेस उचलला.

"बाई, चोगले बोलतोय. नांगर बदललाय. पहिला निकामी. नव्या नांगरावर उभे आहोत. वैनी."

तोडणकरबाईंचा आवाज खरखरत आला. "कुठला तळ?"

"खडक."

"खडकावर धरलंय? किती जुना आहे विचारा."

"वैनी, कधीपासूनचा?" चोगल्यांनी विचारलं.

"कसलं कधीपासूनचा?" मी म्हटलं. "मी कुठं रुसलेय? मला काही झालेलं नाही."

चोगल्यांनी हे कळवलं. मग बाई म्हणाल्या, "असं म्हणतायत का? मग तुम्ही अगदी निवांत राहा. वारा संध्याकाळी पडेल. कुणीही समजूत काढू नका."

"चारू," विद्याधर मागून म्हणाला, "तू? कशावरून?"

मी सांगणारच नव्हते. पण तोंड उघडलं आणि सगळं बाहेर आलं. "माझ्या लग्नाचा फोटो माळ्यावर आहे! चादरीत! त्यात माझे वडील आहेत, माझी आई आहे, मी आहे हिरव्या शालूत, आणि गेली बावीस वर्षं तो उंदरांच्या सोबतीला आहे. ताईंना वाईट वाटेल म्हणून. ताईंना वाटेल, ह्याला वाटेल. मला काय वाटेल, हे एकदा तरी कुणी विचारलं? शुद्धीवर आलास आणि ताई म्हणालास. मी सात रात्री त्या लोखंडी खुर्चीत बसले होते!"

बोट आणखी एक इंच खाली रुतली, असं चोगले नंतर सांगत होते.

आणि मला सांगता येत नाही इतकं सुटल्यासारखं वाटलं. रुसवा होता तसाच होता, जराही कमी झाला नव्हता. नाहीतर आम्ही बुडालोच असतो. पण तो आता माझ्या नावावर होता. तोडणकरबाईंनी तो नोंदवून घेतला होता, चोगल्यांनी माडाशी ताडून पाहिला होता, आणि त्याच्यावर चार माणसं जिवंत उभी होती. मी पदर तोंडावर धरून मनसोक्त रडले.

विद्याधर पुढं यायला लागला. "खबरदार!" चोगले ओरडले. "पाटी वाचली ना धक्क्यावरची?" तो तिथंच थांबला, कप हातात धरून, आणि त्याला काय करावं ते कळेना. त्याला तसं बघूनही मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं ताई आल्या. माझ्या शेजारी बसल्या, खांद्याला खांदा लावून, समुद्राकडे तोंड करून. नाळीवर दोघींपुरती जागा होती.

"समजूत नाही हो काढत मी," त्या म्हणाल्या. "नुसती बसतेय. मला इथं बसायची सवय आहे."

"बसा," मी म्हटलं.

"वारा लागत असेल तर माझा पदर घे."

मी घेतला. बोट हलली नाही, म्हणजे एवढं चालतं.

संध्याकाळी वारा पडला. चोगल्यांनी पाण्यात उतरून पंख्यातलं जाळं कापलं आणि मग विद्याधरला खूण केली. तो माझ्यामागं येऊन उभा राहिला. काय बोलावं हे त्यानं दुपारभर मनात घोळवलं होतं, हे मला त्याच्या घसा खाकरण्यावरून कळलं.

"घरी गेलो की फोटो लावतो," तो म्हणाला. "हॉलमध्ये. टीव्हीच्या वर."

"पुरे, पुरे! जास्त नको!" चोगले म्हणाले. "सुटली!" इंजिन सुरू झालं आणि आम्ही दाढांपासून मोकळ्या पाण्यात आलो. ताईंनी हात जोडले. विद्याधर माझ्याकडे बघत होता आणि मी समुद्राकडे बघत होते, पण मला हसू आवरत नव्हतं, आणि बोट भन्नाट चालली होती.

धक्क्यावर तोडणकरबाई स्वतः उभ्या होत्या. त्यांनी ताईंचा नांगर रद्द केला आणि त्यांना साखर दिली, तशी तिथं रीत आहे. मग मला किटलीतला चहा ओतून दिला, पहिला कप. "तुमची खोली नऊ वाव लावलीय मी," त्या म्हणाल्या. "न बोललेला रुसवा आम्ही दुप्पट धरतो. किनाऱ्यावर सध्या एवढी दुसरी कुणी नाही." मी चहा घेतला. अर्धीच समजूत निघाली होती, त्यामुळे चहा चालत होता.

ताई आमच्याबरोबर कोल्हापूरला आल्या. येताना गाडीत दोघं बहीणभाऊ एवढे बोलले की मी आणि ड्रायव्हर गप्प बसून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी विद्याधरनं माळ्यावरून फोटो काढला. चादर उघडली, काच पुसली. आई होती, बाबा होते, मी होते. ताईंनी स्टूल धरलं आणि खिळा त्यांनीच हातात दिला. "मी ह्यात नसले तरी लावणारी तर मीच आहे," असं म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

विद्याधरनं खिळा ठोकला, फोटो अडकवला, खाली उतरला आणि चार पावलं मागं येऊन बघायला लागला. "सरळ आहे ना गं?"

फोटो उजवीकडे बोटभर खाली झुकलेला होता. अगदी दिसत होतं. बाबांचा फेटा वर गेला होता आणि मी कलंडल्यासारखी वाटत होते. माझ्या जिभेवर आलं होतं.

पण डिसेंबरात आम्हाला पुन्हा शंखोंडीला जायचं होतं, तिघांनाही.

"आहे की," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.